शाप, शपथ आणि शिवी



तिन्हीसांजेला अभद्र बोलूं नये, वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणत असतो, असें आमची आजी सांगत असे. तिची क्षमा मागून आज मी 'शाप' या शब्दाविषयीं आपल्याशीं बोलणार आहें. हा शब्द पुराणांतला, दुर्वासाच्या तोंडचा, अशी समजूत करून घेऊन सुशिक्षित घरांनीं त्याला केव्हांच निरोप दिला आहे. परंतु तो गेलेला नाहीं. तो आपल्या रोजच्या बोलण्यांत आहे, जुन्या दगडांवर आहे, दंडसंहितेच्या एका कलमाच्या पोटांत आहे; आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवती तालुक्यांत त्याच्या भीतीपायीं माणसें खांबांना बांधलीं गेलीं, त्याला फार वर्षें लोटलेलीं नाहींत. मी व्यवसायानें शाळामास्तर. त्याच डोंगराळ मुलखांत माझ्या नोकरीचीं पहिलीं वर्षें गेलीं, आणि या शब्दाचा खरा अर्थ मला कोशानें नव्हे, तेथल्या एका म्हातारीनें शिकविला. ती हकीकत शेवटीं सांगेन. आधीं शब्दाची विचारपूस करूं.

संस्कृतांत 'शप्' असा एक धातु आहे. त्यापासून 'शाप' हा शब्द निघाला आणि 'शपथ' हाही त्यापासूनच निघाला. आज हे दोन शब्द आपल्याला एकमेकांचे सोयरे वाटत नाहींत. मंत्री शपथ घेतो आणि ऋषि शाप देतो, इतकें त्यांत अंतर पडलें आहे. पण वैदिक भाषेंत 'शपथ' याचा अर्थच मुळीं शाप असा होता. प्रतिज्ञा हा अर्थ मागाहून रूढ झाला. हा पालट कसा झाला असेल याची कल्पना ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील एका सूक्तावरून येते. तेथें बोलणाऱ्यावर चेटूक केल्याचा आळ आला आहे. तो म्हणतो कीं, मी चेटक्या असेन तर मला आजच्या आज मरण येवो. आणि नसेन, तर माझ्यावर खोटा आळ घेणारा आपल्या दहा वीरांना मुको. परंपरा हे शब्द वसिष्ठाच्या तोंडीं घालते, आणि मनुस्मृतीनेंही शपथेचा दाखला देतांना वसिष्ठाचेंच नांव घेतलें आहे. म्हणजे शपथ ही दुसरी कांहीं नसून स्वतःवर घालून घेतलेला, अटीचा शाप होय. अट मोडली कीं तो लागू व्हावयाचा. चेटकाचा आळ आणि त्यावरची ही शपथ श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आपल्या घरांतल्या शपथा आजही याच घडणीच्या आहेत. "खोटें बोललों तर डोळे फुटतील," "तुझ्या गळ्याची आण," "आईशप्पथ" — या प्रत्येकींत कोणाच्या तरी जिवावर संकट ओढवून घेण्याची तयारी आहे. 'आण' हा शब्द मूळचा 'आज्ञा'. ज्याची आज्ञा मोडतां येत नाहीं त्याचें नांव घेऊन केलेलें बोलणें म्हणजे आण. इंग्रजींतही शपथ घेणें आणि शिव्या देणें या दोहोंना 'स्वेअर' हें एकच क्रियापद चालतें, यावरून ही जोडी केवळ आपल्याकडची नाहीं हें दिसून येईल. आपल्याकडे तर हावभावांतही ती जोडी आहे. नातवाची अलाबला घेऊन आजी कानशिलांवर बोटें मोडते, आणि वैऱ्याच्या नांवानेंही कडाकडा बोटेंच मोडते.

शिवी आणि शाप यांचीही आपण 'शिव्याशाप' अशी मोट बांधतों. पण त्यांत भेद आहे. शिवी माणूस काय आहे तें सांगते, आणि शाप त्याचें काय व्हावें तें सांगतो. 'गाढव', 'काळतोंड्या' ह्या शिव्या. 'तुझें तळपट होवो', 'तुझी जीभ झडो', 'मागें दिवा लावायला कोणी न उरो' हे शाप. पूर्वीं 'तुला पटकी येवो' असाही शाप असे. पटकी म्हणजे महामारी, ज्याला आज कॉलरा म्हणतात. त्या सांथीची दहशत ओसरली तसा तो शापही निस्तेज झाला, आणि आजच्या मुलांना त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागतो. कित्येक शाप वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले कीं ते मायेनें बोलले जाऊं लागले. 'मेल्या', 'मुडद्या' हे एके काळीं मरण चिंतणारे शब्द. पण आई मुलाला जेवायला हांक मारतांना ते सहज वापरते. 'जळलें मेलें' हें तर नुसतें पालुपद होऊन बसलें आहे.

या सगळ्यांहून वेगळा शब्द म्हणजे 'तळतळाट'. शाप तोंडानें द्यावा लागतो. तळतळाट न बोलतांही लागतो, असा लोकांचा विश्वास आहे. म्हणून जुनीं माणसें 'कोणाचे शाप घेऊं नका' यापेक्षां 'गरिबाचा तळतळाट घेऊं नका' असेंच अधिक सांगत. श्रीमंताचा तळतळाट असा शब्दप्रयोग निदान माझ्या तरी ऐकिवांत नाहीं. आणि येथेंच या सर्व प्रकरणाची किल्ली आहे, असें मला वाटतें. ज्याचा हात पोंचत नाहीं, तो शाप देतो.

गांधारीचें उदाहरण घ्या. शंभर पुत्र रणांत पडलेले. राज्य नाहीं, सैन्य नाहीं, नवरा आंधळा. युद्धभूमीवर उभी राहून तिनें श्रीकृष्णाला शाप दिला कीं, छत्तिसाव्या वर्षीं तुझेंही कुल असेंच आपसांत लढून नष्ट होईल. आणि श्रीकृष्णानें तो मुकाट्यानें पत्करला. कोणी म्हणेल, दुर्वास कांहीं दुबळा नव्हता. खरें, पण त्याच्याही हातीं खड्ग नव्हतें. ब्राह्मणाचें शस्त्र म्हणजे वाणी, असें मनुस्मृति स्पष्टच सांगते.

हाच प्रकार सातासमुद्रांपलीकडेही आढळतो. इंग्लंडांत बाथ या गांवीं उष्णोदकाचा एक झरा आहे. रोमन अंमलांत तेथें एका देवतेचें ठाणें होतें. १९७९-८० च्या सुमारास तेथें झालेल्या उत्खननांत शिशाच्या पातळ पट्ट्या सांपडल्या. अशा सुमारें १३० पट्ट्या आज ज्ञात आहेत. त्या इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकांतल्या असून त्यांवर लोकांनीं शाप लिहून झऱ्यांत सोडले होते. बहुतेक शाप चोरांना दिलेले आहेत. चोरी कशाची, तर अंगावरच्या झग्याची, हातमोज्यांच्या एका जोडाची, किरकोळ नाण्यांची. एवढ्याशा वस्तूसाठीं रोमन सुभेदाराचा दरवाजा कोण उघडणार? मग त्या गरिबानें आपली फिर्याद देवीच्या कचेरींत दाखल केली. त्या पट्ट्यांची भाषाही पुष्कळशी अर्जाचीच आहे.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील दगडांकडे वळूं. शिलाहार आणि यादव राजांच्या काळांतले 'गद्धेगाळ' नांवाचे दगड कोंकणांत आणि देशावर अनेक ठिकाणीं उभे आहेत. वरच्या भागांत सूर्य आणि चंद्र, मधें कधीं लेख, आणि खालीं एक गाढव व एक स्त्री अशी आकृति. 'गाळ' म्हणजे शिवी, हिंदींतली 'गाली' तीच. राजानें देवळाला किंवा कोणा गृहस्थाला दान दिलें, तें चंद्रसूर्य असेपर्यंत चालावें; जो मोडील त्याच्या आईची कशी विटंबना होवो तें त्या आकृतींत दाखविलेलें असतें. तिचें अधिक वर्णन येथें करवत नाहीं. ज्याला अक्षरओळख नाहीं त्यालाही धमकी समजावी, म्हणून ती चित्रांत कोरली हें उघड आहे.

मुंबईत परळ येथें सांपडलेला शिलाहार राजा अपरादित्य याचा शके ११०८ चा, म्हणजे इ. स. ११८७ चा शिलालेख या दृष्टीनें फार बोलका आहे. त्याचा दानाचा भाग संस्कृतांत आहे. आणि शेवटीं शापाशीं येतांच लेखाची भाषा एकाएकीं मराठी होते. जो हें शासन मोडील त्याच्यावर आणि त्याच्या कुटुंबावर वैद्यनाथ देवाचा कोप कोसळो असें म्हणून पुढें तीच गाढवाची शिवी शब्दांत दिली आहे. दान संस्कृतांत दिलें तरी चालण्यासारखें होतें. शाप मात्र ज्याला द्यावयाचा त्याला समजणें अवश्य होतें. आपल्या मातृभाषेच्या अगदीं जुन्या लेखी अवशेषांत ही शिवी आहे, हें सांगतांना मला थोडा संकोच होतो. पण इतिहास हा इतिहास आहे. एक गोष्ट मात्र बोलल्यावांचून राहवत नाहीं. दान मोडणारा पुरुष, आणि विटंबना त्याच्या आईची. ही रीत आठशें वर्षांत बदलली नाहीं. रस्त्यावरच्या शिव्या आजही तेथेंच जातात.

येथें श्रोते विचारतील कीं, राजा तर बलवान. त्याला शापाची गरज कां पडावी? ज्याच्यापाशीं घोडदळ आहे त्यानें दगडावर शिवी कां कोरावी? याचें कारण असें कीं, राजाचाही हात एके ठिकाणीं पोंचत नाहीं. तो मेल्यानंतर येणाऱ्या राजाला तो शिक्षा करूं शकत नाहीं. ताम्रपटांच्या शेवटीं येणारे संस्कृत श्लोकही, भूमि हिरावून घेणारा साठ हजार वर्षें विष्ठेंतला किडा होईल, असें भावी राजांनाच बजावतात. पुढें आदिलशाही आणि मराठेशाहीच्या कागदांत याच शापानें शपथेचें रूप घेतलें: हिंदु असून हें मोडील त्यास गाईची आण, मुसलमान असून मोडील त्यास डुकराची. भविष्यापुढें राजाही दुबळाच. म्हणून तोही गांधारीच्या रांगेंत येऊन उभा राहतो.

दुबळ्याच्या या शस्त्राचीं आणखी दोन नांवें आपल्या भाषेंत आहेत आणि आपण तीं रोज न कळत वापरतों. एक 'धरणें' आणि दुसरें 'त्रागा'. पैसे बुडालेला ब्राह्मण ऋणकोच्या दारांत उपाशी बसे. तो दारांत मेला तर ब्रह्महत्येचें पातक घरधन्याच्या माथीं, म्हणून घरधनी तडजोडीला येई. हें मूळचें धरणें. गुजरात-काठेवाडांतले भाट आणि चारण कोणाच्या वचनाला जामीन राहत. वचन मोडलें गेलें तर ते स्वतःच्या अंगावर कट्यार चालवीत आणि तें रक्त वचन मोडणाऱ्यावर शेकवीत. हा मूळचा त्रागा. आज आपण ताट आपटणाऱ्या मुलाला 'त्रागा करूं नकोस' म्हणतों तेव्हां तें रक्त कोणाच्या ध्यानींही नसतें. इंग्रज सरकारनें १८६० सालीं भारतीय दंडसंहिता केली, तिच्या ५०८ व्या कलमांत, एखाद्याला ईश्वरी कोपाचें भय घालून त्याच्याकडून काम करवून घेणें हा गुन्हा ठरविला, आणि उदाहरण म्हणून धरण्याचेंच नांव घेतलें. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंतही हें कलम कायम आहे. शापाला कायद्याच्या पुस्तकांत जागा मिळाली ती अशी.

पण आतांपर्यंत सांगितलें तें शाप देणाऱ्याविषयीं. नाण्याची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. ज्या गांवांत शापानें माणूस मरतो असा विश्वास आहे, त्या गांवांत माणूस मेला कीं शाप देणाऱ्याचा शोध सुरू होतो. घरावर दगड पडले, पेटींतले कपडे पेटले, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटल्या कीं 'भानामती' झाली. आणि भानामती म्हटली कीं ती करणारा कोणीतरी पाहिजे. असा 'कोणीतरी' बहुधा तोच निघतो, ज्याच्या मागें कोणी नाहीं.

२०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत जिवती तालुक्यांतील वणी (खुर्द) या गांवीं हेंच घडलें. भानामतीच्या संशयावरून दलित समाजांतील सात जणांना, त्यांत वृद्ध माणसेंही होतीं, भर गांवांत खांबांना बांधून मारहाण करण्यांत आली. वसिष्ठावर आला तोच आळ. पण वसिष्ठाला शपथ घेण्यापुरता तरी अवसर मिळाला होता. पोलिसांनीं गुन्हा नोंदवून अटका केल्या. त्यापूर्वीं आठ वर्षें, २० ऑगस्ट २०१३ रोजीं, पुण्यांत डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. ते ज्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें झटत होते तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या मृत्यूनंतर आधीं अध्यादेशानें आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळाच्या मंजुरीनें अस्तित्वांत आला. एखाद्यानें करणी केली असें जाहीर करून त्याला छळणें हा त्यानें गुन्हा ठरविला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली. कायदा चांगला आहे. पण तो डोंगरावर चढावयास वेळ लागतो.

हा डोंगर कसा आहे हें नगरवासी श्रोत्यांना थोडें सांगितलें पाहिजे. माणिकगडाच्या जुन्या किल्ल्याभोंवतीं पसरलेलें हें जंगलाचें पठार. कोलाम आणि गोंड हे येथले जुने रहिवासी. मराठवाड्यांतून येऊन राहिलेलीं कुटुंबेंही पुष्कळ. एकाच बाजारांत गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगु आणि बंजारी कानांवर पडते. राजुऱ्याचा हा सारा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. नंतर तो कांहीं काळ नांदेडकडे राहिला आणि १९५९ मध्यें चांदा जिल्ह्याला जोडला गेला. लोक होते तेथेंच राहिले, फक्त त्यांची कचेरी गांवोगांव फिरली. अशा मुलखांत धुऱ्याची तक्रार घेऊन म्हातारी बाई कोणाकडे जाणार?

आतां ती हकीकत. सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी तेव्हां पंचविशीच्या आंत होतों आणि त्या डोंगरांतल्या एका खेड्यांत शाळेवर होतों. गांवांत एक निपुत्रिक विधवा राहत असे. तिच्या तुकड्याचा धुरा शेजारच्या शेतकऱ्यानें दर वर्षीं थोडा थोडा कोरीत आणला होता. ती एके दिवशीं शाळेंत आली आणि म्हणाली, "गुरुजी, मोजणीचा अर्ज लिहून द्या." माझ्या शाळेची तपासणी व्हावयाची होती. मी म्हटलें, "उद्यां लिहितों, बाई." असे उद्यां तीन-चार झाले. शेवटच्या दिवशीं ती दारांतूनच म्हणाली, "गुरुजी, तुमची लेखणी झडो." शाप देतांनाही तिनें 'तुमची' म्हटलें. मी हंसलों, आणि सायंकाळीं दोघांना ती गंमत म्हणून सांगितली.

त्यानंतर ती रोज दिवस मावळतांना धुऱ्यावर उभी राहून शेजाऱ्याच्या नांवानें बोटें मोडूं लागली. पावसाळ्यांत त्याचा एक बैल मेला. पुढें पंधरा दिवसांनीं त्याचा मुलगा, माझाच विद्यार्थी, तापानें फणफणला आणि बडबडूं लागला. एका रात्रीं वीस-पंचवीस माणसें म्हातारीच्या झोपडीपाशीं जमलीं. तिनें बोटें मोडल्याचे साक्षीदार सारें गांव होतें. आणि तिच्या तोंडांत शक्ति आहे ही गोष्ट तर मीच हंसत हंसत गांवभर केली होती. मी धांवत गेलों, हातापायां पडलों, आणि सकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. पहाटे बैलगाडींतून मुलाला दवाखान्यांत नेला. रक्त तपासलें, हिंवताप निघाला. औषधानें आठवडाभरांत मुलगा खेळूं लागला.

परंतु आम्ही परत आलों तेव्हां झोपडीचें दार उघडें होतें आणि म्हातारी गेलेली होती. कोठें गेली तें कोणाला कळलें नाहीं. मी त्याच दिवशीं मोजणीचा अर्ज लिहिला. मोजणी झाली, धुरा दोन हात आंत आल्याचें निघालें आणि तो पूर्ववत् करण्यांत आला. पण ज्या बाईसाठीं तें व्हावयाचें ती तेथें नव्हती. एका कागदाचें काम होतें, श्रोतेहो. तो कागद वेळेवर लिहिला असता तर बोटें मोडलीं गेलीं नसतीं. आणि बोटें मोडलीं गेलीं नसतीं तर त्या रात्रीं झोपडीपुढें कोणी जमलें नसतें. तिचा शाप म्हणजे मी न लिहिलेला अर्ज होता.

तेव्हांपासून माझा असा समज झाला आहे कीं, शापावरचा विश्वास घालविण्यासाठीं नुसतें 'शापानें कांहीं होत नाहीं' असें सांगून भागत नाहीं. तें सांगितलेंच पाहिजे, आणि हिंवतापाचें औषधही वेळेवर पोंचलें पाहिजे. पण त्याबरोबर शाप देणाऱ्याचें गाऱ्हाणें ऐकणारा कोणीतरी गांवांत पाहिजे. घरांतही तसेंच आहे. आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई पुटपुटत निघून गेली, तर तिच्या पुटपुटण्याला हंसण्यापूर्वीं तिचा महिना चुकता झाला आहे कीं नाहीं, हें पाहावें.

आपल्या भाषेंत एक फार सुंदर शब्द आहे: 'उःशाप'. पुराणांतला बहुतेक प्रत्येक शाप आपल्या निवारणाची वाट बरोबर घेऊन येतो. दुष्यंताला अंगठी दिसली कीं शाप सरतो, रामाची पावलें आलीं कीं अहल्या मुक्त होते. आपल्या पूर्वजांना शापाला शेवट असावा असें वाटत होतें. परळच्या त्या शिलालेखानंतर अवघ्या १०३ वर्षांनीं, इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं आपल्या ग्रंथाच्या शेवटीं पसायदान मागितलें. ग्रंथाच्या शेवटीं, म्हणजे ज्या जागीं राजे शाप कोरीत त्याच जागीं. त्यांत दुष्टाचें तळपट मागितलेलें नाहीं; त्याचा वाकडेपणा तेवढा जावो, असें मागितलें आहे. ज्या मराठीनें दगडावर ती शिवी कोरली, तिनेंच हेंही मागितलें.

माझी लेखणी झडली नाहीं. पण त्या दिवसापासून अर्ज लिहून मागायला आलेल्या कोणालाही 'उद्यां' असें म्हणण्याचा धीर मला झालेला नाहीं.